दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबाद?
वडिलांच्या कमरेतील गादी सरकल्यामुळे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी लातूरहून हैदराबादला न्यावे काय, असे आपण विचारले आहे. छेद जेमतेम १ सेंटिमीटरचा असतो आणि रुग्ण लवकर घरी येतो हे खरे. परंतु वर्षभरानंतरचा गुण सूक्ष्मदर्शकाखालील नेहमीच्या शस्त्रक्रियेइतकाच असतो, म्हणून केवळ छोट्या छेदासाठी एवढा खर्च मला अनाठायी वाटतो. नस दबून पायात उतरणारी कळ बहुतेकांची ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविनाच ओसरते, आणि शस्त्रक्रियेने थांबते तीही मुख्यतः हीच कळ, जुनी कंबरदुखी नव्हे. मात्र लघवी अडल्यास, बैठकीची जागा बधिर झाल्यास किंवा पाऊल लुळे पडू लागल्यास तत्काळ जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.