लहान जलविद्युत: नदीचा वार्षिक विसर्ग पावसापेक्षा जास्त निघतोय, गडबड कुठे शोधावी?

चोरलकाठ (इंदूर):

नमस्कार मंडळी. विंध्याच्या दक्षिण उतारावरून निमाडात उतरून नर्मदेला मिळणाऱ्या एका नदीवर लहान जलविद्युत केंद्राचा प्राथमिक अहवाल करतोय. साठवण नाही, नुसता वळण बंधारा. हेड (पाणी पडण्याची उंची) ४२ मीटर. बंधाऱ्याच्या जागेपर्यंत पाणलोट २९० चौ. किमी. गेज (नदीची पातळी मोजायची पट्टी) मात्र खाली आहे, संगमापासून साधारण ३ किमी वर, आणि तिथला पाणलोट ३४० चौ. किमी.

हातात काय आहे: १६ वर्षांचं गेज (रोज सकाळी ८ ला एक वाचन, त्यावरून काढलेला विसर्ग), हवामान खात्याचा पाव अंशाच्या जाळीचा रोजचा पाऊस, आणि जोडीला ईआरए५-लँड (मॉडेलने तयार केलेला जागतिक हवामान डेटा).

अडचणी तीन. पहिली, सहाव्या आणि अकराव्या वर्षी नदीतून वाहिलेलं पाणी पाणलोटावर पडलेल्या पावसाहून जास्त भरतंय. दुसरी, प्रत्येक तारखेची १६ वर्षांची सरासरी काढून त्या ३६५ आकड्यांचा फ्लो ड्युरेशन कर्व्ह (किती विसर्ग किती दिवस मिळतो त्याचा आलेख) केला, तर ६ क्युमेक (सेकंदाला ६ घनमीटर) भरपूर दिवस मिळतात असं दिसतं. ते फारच गोड वाटतंय. तिसरी, अहवालात हवामानबदलाचं प्रकरण हवंय. कुठलं मॉडेल घ्यावं?

क्युमेक:

पहिल्याच प्रश्नावर थांबू, कारण तो सुटल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

संगमापासून ३ किमी म्हटलंत तिथेच संशय आला. नर्मदा चढली की तिचा फुगवटा उपनदीत शिरतो. पट्टीवर पाणी ९ मीटर दिसतं, पण ते जवळजवळ उभं असतं. रेटिंग कर्व्हला (पातळीवरून विसर्ग काढायचा आलेख) हे कळत नाही. त्याला उंची दिली की तो मुकाट्याने विसर्ग देतो. हिशेब करून पाहा: विसर्ग क्युमेकमध्ये, गुणिले ८६.४, भागिले पाणलोट चौ. किमीमध्ये, म्हणजे त्या दिवसाचे मिलिमीटर. समजा फुगवट्यामुळे कर्व्हने २५० क्युमेक दाखवले, तर ३४० चौ. किमीवर ते दिवसाला ६३.५ मिमी झाले. असे चार दिवस म्हणजे २५४ मिमी, आणि त्यातला बराचसा कधी वाहिलेलाच नाही. वर्षाचा ताळेबंद बिघडायला एवढं पुरतं.

ओळखायचं असं. ज्या दिवशीचा विसर्ग (मिमीत) आदल्या पाच दिवसांच्या एकूण पावसाहून जास्त आहे ते दिवस वेगळे काढा. त्या तारखांना मंडलेश्वरच्या केंद्रीय जल आयोगाच्या गेजवर नर्मदेची पातळी काय होती ते शेजारी मांडा. एवढ्या लहान पाणलोटाचा पूर काही तासांत चढतो आणि दीड-दोन दिवसांत उतरतो. तुमची पातळी चार-चार दिवस सपाट राहून नर्मदेबरोबरच उतरत असेल तर निकाल लागला. ते दिवस दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. सरळ खोडा आणि पाऊस-प्रवाह मॉडेलने भरा.

फुगवटा नसेल तर या क्रमाने बघा: गेजची शून्य पातळी मधे बदलली का (पुरात पट्टी वाहून गेली, नवी लावली, जुनी लेव्हल जोडलीच नाही), रेटिंग कर्व्ह किती उंचीपर्यंत प्रत्यक्ष मोजलेल्या विसर्गावर आहे आणि त्यापुढे नुसता ओढलाय, मोठ्या पुरात तरंगणारी वस्तू सोडून पृष्ठवेग मोजला असेल तर त्याला ०.८५ च्या आसपासच्या गुणकाने गुणलंय की नाही. शेवटची चूक एकटीच १७-१८ टक्के पाणी फुकटात वाढवते.

मालवी_पाणी:

पाऊसही तपासा, दादा. दोष नेहमी गेजचाच नसतो.

पाव अंशाचा एक चौकोन आपल्या अक्षांशावर ७०० चौ. किमीच्या आसपास भरतो. तुमचा पाणलोट त्याच्या निम्म्याहूनही लहान. म्हणजे जाळीचा आकडा हा प्रत्यक्षात आजूबाजूच्या एक-दोन पर्जन्यमापकांचा वाटून काढलेला पाऊस आहे, आणि ते मापक बहुधा तहसिलीच्या गावात असतात, घाटात नाहीत. कडा चढताना ढग जे टाकतात ते त्यात येतच नाही. आसपासच्या तहसिलींचे रोजचे आकडे मागवा आणि जाळीशी डबल मास कर्व्ह (दोन्हींच्या साठत जाणाऱ्या बेरजा एकमेकांसमोर मांडलेला आलेख) लावून बघा. ईआरए५-लँड रिकाम्या जागा भरायला ठीक, पण त्यात रिमझिमीचे दिवस जास्त आणि धुवाधार पाऊस कमी असतो. पूर त्यावरून काढू नका.

तारखांचा घोळ तर हमखास होतो. हवामान खात्याचा १५ जुलैचा पाऊस म्हणजे १४ च्या सकाळी साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा. तुमचं गेज १५ च्या सकाळी ८ चं. म्हणजे पाऊस आणि गेजचं वाचन एकाच तारखेला जवळपास एकत्र संपतात, आणि १५ च्या दुपारी पडलेला पाऊस १६ च्या खात्यात जातो. ईआरए५-लँडचा दिवस यूटीसी (ग्रीनिचची वेळ) मध्यरात्रीचा, शिवाय त्यातला पाऊस दिवसभर साठत जाणारा असतो: १५ तारखेची बेरीज १६ च्या ०० यूटीसीच्या नोंदीत सापडते. हवामान खात्याशी जुळवायचं तर ०३ ते ०३ यूटीसी असा दिवस कापा, तेच आपले साडेआठ.

अजून एक, फाईलमधले उणे ९९९ म्हणजे नोंद नाही. आणि गेजच्या वहीत नोव्हेंबर ते मे कोरं असेल तर ते शून्य समजू नका. राज्याची बरीच गेजं फक्त पावसाळ्यात वाचतात.

घाटमाथा:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तो कर्व्ह फेकून द्या.

दहा वर्षांपैकी एका वर्षी १२ जुलैला ६० क्युमेक आले, बाकी नऊ वर्षी त्या तारखेला काहीच नाही. सरासरी ६. तुमच्या पद्धतीत ६ क्युमेकचं टर्बाईन १२ जुलैला दर वर्षी पूर्ण चालतं. प्रत्यक्षात ते दहा वर्षांत एक दिवस चाललं आणि ५४ क्युमेक बंधाऱ्यावरून गेले. तारखेवार सरासरी पूर पसरवून कोरडे दिवस भरून टाकते, म्हणून आकडा गोड दिसतो.

१६ वर्षांचे सगळे ५८४४ दिवस एकत्र उतरत्या क्रमाने लावा, तो खरा कर्व्ह. वीज तर त्यावरूनही काढू नका. प्रत्येक वर्ष स्वतंत्र चालवा, १ जून ते ३१ मे. रोजच्या विसर्गातून आधी पर्यावरणीय प्रवाह वजा करा. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी २०१८ च्या अधिसूचनेत कोरड्या महिन्यांत २०, मधल्या काळात २५ आणि पावसाळ्यात ३० टक्के असे आकडे आहेत. तुमच्या नदीला ते बंधनकारक नाहीत, पण पहिल्या हिशेबाला तेच धरा. मग टर्बाईनच्या क्षमतेवर कापा, किमान विसर्गाखाली शून्य धरा, आणि वर्षाची युनिट्स काढा.

आता ही सोळा वर्षं विजेच्या उतरत्या क्रमाने लावा, पाण्याच्या नव्हे. तीन दिवसांत वाहून गेलेलं वर्ष पाण्यात वरच्या नंबरला आणि विजेत खालच्या नंबरला असतं. ९० टक्के विश्वासार्ह वर्ष म्हणजे ०.९ × (१६ + १) = १५.३, म्हणजे पंधरावं. ७५ टक्क्यांचं तेरावं. त्यातलं पंधरावं वर्ष बँकेला दाखवायचं.

यंत्राचं: ६ क्युमेक, ४२ मीटर, एकूण कार्यक्षमता ०.८५ धरली तर ९.८१ × ६ × ४२ × ०.८५, म्हणजे २१०० किलोवॉट. पण एकच फ्रान्सिस जातीचं टर्बाईन घेतलंत तर ते पूर्ण विसर्गाच्या ४० टक्क्यांखाली, म्हणजे २.४ क्युमेकच्या खाली, धड चालणार नाही. सप्टेंबरनंतरची सगळी उतरंड वाया जाईल. २ आणि ४ अशी दोन यंत्रं घेतली तर ०.८ क्युमेकपर्यंत खाली जाता येतं. दोन्ही पर्याय रोजच्या आकड्यांवर चालवून बघा, फरक डोळ्यांत भरेल. आणि हो, बेसाल्टचा हा ओढा फेब्रुवारीत बहुतेक आटलेला असणार. वर्षभराची वीज असं कुणाला सांगू नका.

चोरलकाठ (इंदूर):

मंडळी, मनापासून आभार. मंडलेश्वरच्या पातळीशी ताडून पाहिलं. दोन्ही वर्षांत ऑगस्टमधे सलग सपाट पातळी, तेव्हा आमच्या पाणलोटात पाऊस नगण्य आणि नर्मदा चढलेली. फुगवटाच. ते दिवस खोडले की दोन्ही वर्षांचा ताळा बसतो. तारखेवार सरासरीचा कर्व्हही रद्द.

आता दोन उपप्रश्न. खोडलेले दिवस भरायला आणि २९० चौ. किमीवर आणायला शेजारच्या नदीचं गेज वापरू का? क्षिप्रेचा भरपूर डेटा मिळतोय, मंडलेश्वरचाही. आणि हवामानाचं राहिलंच.

मालवी_पाणी:

क्षिप्रा नको. २०१४ पासून तिच्या उगमाशी उज्जैनीला नर्मदेचं पाणी पंपाने सोडतात, तेव्हापासूनचा कोरड्या दिवसांतला प्रवाह तिचा स्वतःचा नाही. तिची उपनदी कान्ह तर आपल्या इंदूरच्या नळाचं वापरलेलं पाणी वाहून नेते, आणि ते पाणीसुद्धा नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने चढवलेली नर्मदाच. मंडलेश्वर फुगवटा ओळखायला उत्तम, प्रमाण काढायला निरुपयोगी. तिथला पाणलोट ७० हजार चौ. किमीच्या वर, आणि वर इंदिरासागर व ओंकारेश्वर ही जलविद्युत धरणं बसलेत. संध्याकाळच्या मागणीला तिथली यंत्रं सुरू झाली की खालची पातळी हलते.

शेजारची नदी घ्यायचीच तर ती त्याच कड्यावरून उतरणारी, पाणलोट तुमच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत, वर मोठा तलाव नसलेली. मग क्षेत्राचं प्रमाण गुणिले पावसाचं प्रमाण. ३४० वरून २९० वर आणताना मात्र दुसरी नदी लागतच नाही, तुमचंच गेज पुरे. दोन्ही जागांमधल्या ५० चौ. किमीत किती स्टॉप डॅम आणि किती मोटारी आहेत ते तेवढं जाऊन मोजा. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी लागतं तेव्हा गेजवर येण्याआधीच नदी उपसली जाते.

क्युमेक:

हवामानबदलासाठी "कुठलं मॉडेल" इथून सुरुवात करू नका. जागतिक मॉडेलांच्या एका चौकोनात तुमच्यासारखे कित्येक पाणलोट मावतात. त्यांची घाटातल्या मान्सूनवर मतंही एक नाहीत.

आधी जीआर४जे सारखं चार गुणकांचं साधं पाऊस-प्रवाह मॉडेल बसवा. दहा वर्षांवर जुळवा, उरलेल्या सहांवर तपासा. जुळणी विसर्गाच्या लॉगवर करा, नाहीतर मॉडेल चार पुरांच्या मागे लागेल आणि ऑक्टोबरची उतरंड, जिथे तुमचं लहान यंत्र चालणार आहे, ती चुकेल. बाष्पीभवनाला कमाल-किमान तापमानावरचं हारग्रीव्हज सूत्र चालतं, पण तापमानाची जाळी एक अंशाची आहे. माळव्याचं पठार आणि निमाड यांच्या उंचीत ४०० मीटरचा फरक, म्हणजे तापमानात अडीच अंश सेल्सियस. तो उंचीप्रमाणे दुरुस्त करा.

मॉडेल बसलं की त्यात १९५१ पासूनचा पाऊस घाला. सोळा वर्षांच्या जागी सत्तरच्या वर वर्षं मिळतात आणि १९६५, १९७२, १९८७, २००२, २००९ हे दुष्काळ हिशेबात येतात. माझ्या मते अहवालातला सर्वांत उपयोगी तक्ता हाच ठरेल. विश्वासार्हतेची क्रमवारी यावर पुन्हा लावा.

मग दोन कसोट्या. एक, सगळा पाऊस १० टक्क्यांनी कमी करा. विसर्ग १० नाही, बहुधा त्याच्या दीड ते अडीचपट घटेल, कारण जमिनीची तहान आधी भागते. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: वर्षाचा एकूण पाऊस तोच ठेवा, पण हलक्या पावसाच्या दिवसांतला काही भाग काढून मोठ्या पावसाच्या दिवसांवर टाका. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसून आलंय, तेव्हा ही कसोटी कल्पनेतली नाही. वार्षिक विसर्ग इथे कदाचित वाढेलसुद्धा, पण वीज घटेल, कारण ६ क्युमेकच्या वरचं सगळं बंधाऱ्यावरून जाणार. नुसता वार्षिक विसर्ग पाहणारा अहवाल इथेच फसतो. जागतिक मॉडेलांचे आकडे नंतर घाला, चार-पाच मॉडेलांचा पट्टा म्हणून, एकच रेघ म्हणून नको.

घाटमाथा:

येत्या जूनच्या आधी बंधाऱ्याच्या जागेवर रडारचा स्वयंचलित पातळीमापक बसवा, १५ मिनिटांची नोंद. जागा सरळ पात्राची, खाली खडकाचा उंबरा असलेली निवडा, म्हणजे शून्य हलणार नाही. पावसाळ्यात निदान १२-१५ वेळा करंट मीटरने विसर्ग मोजून घ्या, त्यात दोन-तीन तरी चढत्या पुरातले हवेत. सकाळी ८ चं एक वाचन एवढ्या लहान नदीत दिवसाची सरासरी होत नाही: पूर रात्री दोनला येऊन पहाटेपर्यंत गेलेला असतो.

तेव्हाच शेपटीकडची पातळीही मोजा. पुरात टेलरेसचं (टर्बाईनमधून बाहेर पडणाऱ्या कालव्याचं) पाणी ३ मीटर चढलं तर हेडचे ४२ चे ३९ होतात, तेही नेमके पूर्ण क्षमतेच्या दिवसांत.

गाळाचं फार मनावर घेऊ नका. बेसाल्टच्या मुलखात क्वार्ट्झची वाळू कमी, रनर (टर्बाईनचं फिरतं चाक) हिमालयातल्यासारखा झिजत नाही. पहिल्या पुरात पाला, तुराट्या आणि प्लास्टिक मात्र एवढं येतं की जाळी तासाभरात बंद होते. जून-जुलैचे काही दिवस त्यासाठी बंद धरून वीज काढा, आणि जाळी साफ करायचं यंत्र पहिल्याच अंदाजपत्रकात टाका.