मदत हवी आहे: आययूआयसाठी वीर्य धुतल्यावर शुक्रजंतूंचं संरक्षण कमी होतं का?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पुढच्या आठवड्यात धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझं दुसरं आययूआय (धुतलेले शुक्रजंतू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) आहे. पहिल्या वेळी पंधराव्या दिवशी पाळी आली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, आणि डॉक्टरांसमोरची पाच मिनिटं तारखा नि इंजेक्शनं समजून घेण्यातच संपतात.

कोट्यवधी शुक्रजंतू निघतात, बीजनलिकेत बीजांडाजवळ जेमतेम काहीशे पोचतात, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. बाकीचे थकून मरतात असंच मला वाटायचं. आता वाचते आहे की बाईच्या शरीराला ते परकेच. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात, कित्येकांना गिळतात. शिवाय स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात शुक्रजंतू अडकवतात. ही जाळी २००४ मध्ये जिवाणूंच्या संदर्भात पहिल्यांदा दाखवली गेली. पुढच्याच वर्षी घोड्यांच्या अभ्यासात दिसलं की वीर्यद्रवात डीएनए तोडणारं विकर (एन्झाइम) असतं आणि ते अडकलेल्या शुक्रजंतूंना सोडवतं.

माझी अडचण इथेच आहे. आययूआयला हा द्रव धुऊन टाकतात. त्यातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे गर्भाशयात जोराच्या कळा येतात, म्हणून ते करावंच लागतं, हे मला पटतं. पण मग जाळी कोण तोडणार? काटोलला मामांकडे गाईंना कांडी भरतात (कृत्रिम रेतन करतात), त्यातही वीर्य खूप पातळ केलेलं असतं आणि गाई गाभण राहतात. तेवढाच धीर. कुणाला नीट माहीत असेल तर कृपया सांगा. शुक्रजंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) तपासणी करून घ्यावी का, तेही.

*

ताई, मी पशुवैद्य आहे. घोडीत वीर्य थेट गर्भाशयात पडतं, म्हणून तिथे द्रवाचं काम मोठं. माणसात ते योनीत पडतं. ग्रीवेचा (गर्भाशयाच्या मुखाचा) चिकट स्राव ओलांडून मुख्यतः पोहणारे शुक्रजंतूच वर जातात, बराचसा द्रव खालीच राहतो. म्हणजे धुतलेले शुक्रजंतू गर्भाशयात सोडणं हे निसर्गापासून तितकं लांब नाही. घोडीचा निष्कर्ष स्वतःला जसाच्या तसा लावू नका. न्यूट्रोफिल येणंही आजार नव्हे, मेलेले शुक्रजंतू आणि जिवाणू तेच साफ करतात.

प्रतिपिंडांसाठी मार (MAR) नावाची चाचणी असते. ती यजमानांच्या ताज्या, न धुतलेल्या नमुन्यावर होते, तेव्हा विचारायचं तर आययूआयच्या दिवसाआधीच विचारा.