पोळ्याचं ताट बैलाला सोसतं का?

परभणीकर

गेल्या पोळ्याला आमच्या ढवळ्यानं बावीस दारं केली. मारुतीला फेरी झाली की आमच्याकडं बैल घरोघर नेतात. प्रत्येक दारात पाय धुतात, कुंकू लावतात, पोळी चारतात. कुणी एक देतं, कुणी तीन, कुणी वर भात. एका घरी शिरा होता. रात्री दावणीला बांधला तेव्हा बैल खुशीत होता. पहाटे बघतो तर रवंथ बंद, दात खातोय, डोळे आत गेलेले. शेण पाण्यासारखं, त्याला आंबट वास. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबली की अर्धी भरलेली घागर हलवावी तसा आवाज. सलाईनच्या बाटल्या लावल्या, पोटात नळी घालून सोडा दिला, चार दिवस कुणी धड झोपलं नाही. ढवळ्या वाचला. पण खुरांत दुखणं उतरलं, महिना-दीड महिना लंगडत होता, आणि ऐन ज्वारीच्या पेरणीत जोडी मोडली.

त्या रात्री डॉक्टरांनी गोठ्यात बसून जे सांगितलं ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कडबा पचवायचा रस बैलाच्या अंगात नाहीच. त्याच्या कोटीपोटात, म्हणजे चार पोटांतल्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात, शंभर लिटरच्या आसपास ओला चारा भिजत असतो आणि त्याच्या एकेका थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. कडब्याचा धागा तेच मोडतात. मोडताना जी सौम्य आम्लं सुटतात त्यांच्यावर बैलाची सत्तरेक टक्के ताकद चालते. मग हेच जिवाणू चाऱ्याबरोबर पुढं चौथ्या पोटात उतरतात आणि तिथं बैल त्यांनाच पचवतो. त्याच्या अंगातल्या प्रथिनांचा मोठा वाटा तिथून येतो.

आता या वस्तीवर एका संध्याकाळी पंचवीस-तीस पोळ्या पडल्या की काय होतं बघा. पीठ आणि गूळ खाणारा स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस एरवी कोपऱ्यात पडून असतो, तो अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होत जातो. तो जे आम्ल सोडतो ते दह्यातलंच, लॅक्टिक. कोटीपोटाचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) नेहमी ६ ते ७ च्या दरम्यान असतो, तो पाचाच्या खाली येतो. धागा मोडणारे मरतात, प्रोटोझोआ नावाचे एकपेशीय जीव मरतात. आम्ल रक्तातलं पाणी पोटात ओढून घेतं. भकाळीतला तो आवाज त्या पाण्याचा, आणि डोळे खोल जातात तेही त्यामुळंच.

माझं म्हणणं इतकंच: नैवेद्य घरच्या ताटातला एक घास, बाकी दारांत हिरवी वैरण. यंदा गावानं हे ठरवावं.

सातारी बेंदूर

दादा, तुमचा बैल वाचला याचा मनापासून आनंद आहे. पण पटलं नाही. खांदेमळणीच्या, म्हणजे सणाच्या आदल्या, संध्याकाळी आपण बैलाच्या कानात काय सांगतो? "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आवतण देऊन बोलावलेल्या पाहुण्यापुढं गवताची पेंढी टाकायची? ती तर त्याला रोज मिळते. वर्षभर ज्याच्या खांद्यावर आपलं घर चालतं त्याचा हा एक दिवस.

आमच्या आजोबांच्या दावणीला सहा बैल होते. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, पाटीभर पोळ्या खायचे, एकही दगावला नाही. आणि तुमच्याच गावात त्या दिवशी बाकीचे बैलही तीच बावीस दारं फिरले असतील की. ते का नाही पडले? एका बैलावरून सगळ्या गावाचा सण बदलायला निघालात.

गोठाभेट

मी पशुवैद्यक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन खाली ठेवायला मिळत नाही, त्यामुळं परभणीकरांच्या बाजूनं आहे हे आधीच सांगतो. पण सातारकरांचा प्रश्न नेमका आहे, त्याला उत्तर द्यायला हवं.

बाकीचे बैल का नाही पडले? कोटीपोटातली वस्ती खाण्याप्रमाणं घडते. ज्या बैलाला रोज थोडा भरडा किंवा पेंड मिळते त्याच्या पोटात लॅक्टिक आम्ल खाऊन टाकणारे जिवाणूही पोसलेले असतात. मेगास्फेरा त्यातला एक. ते आम्ल साचू देत नाहीत. श्रावणात निव्वळ बांधावरच्या गवतावर असलेल्या बैलाकडं ही फौज नसते. ती उभी राहायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि आम्ल चढायला एक रात्र पुरते. आजोबांचे बैल औताला चालायचे, त्यांना कुळथाचं आंबोण, म्हणजे भिजवलेला दाणा, मिळायचा. पोटाला दाण्याची सवय होती. आता वर्षातले कितीतरी महिने बैल दावणीला उभा असतो, नांगरट ट्रॅक्टर करतो, मग दाणा कशाला म्हणून बंद होतो. आणि त्याच बैलाला पोळ्याला पाटीभर पोळ्या.

म्हणून "किती पोळ्या चालतील" याचं एक उत्तर माझ्याकडं नाही. तो आदल्या पंधरवड्यात काय खात होता ते सांगा, मग बोलू.

अजून एक. पोट बिघडलं की लोक बाटलीनं गोडं तेल पाजतात. फेसाच्या पोटफुगीत तेलाचा उपयोग असतो, या आम्लात नसतो. त्यात जीभ ओढून धरली तर बैलाला गिळता येत नाही, औषध फुप्फुसात जातं. पोळीनं न मेलेला बैल अशा पाजण्यानं मेलेला मी पाहिला आहे.

दूधगल्ली

सगळी चर्चा वर्षातल्या एका दिवसावर चालली आहे. माझ्या गोठ्यात अकरा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) दुभत्या गाई आहेत आणि माझ्यासारख्यांच्या गोठ्यात हा पोळा रोज असतो. दुधाचा आकडा वाढवायला मक्याचा भरडा, गोळी पेंड, दोन्ही वेळेला. चारा कमी, खुराक जास्त. गाय पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. डेअरीवर फॅट ३.५ च्या खाली आली की दर तुटतो. आपण म्हणतो पाणी घातलं असेल, मशीन खराब असेल. खरं कारण पोटात असतं. धागा मोडणारे जिवाणू दबले की ज्यापासून फॅट बनते ते सौम्य आम्लच कमी पडतं. पुढं खुरं वाढतात, गाय वाकडी चालते, तिसऱ्या वेताला बाजार दाखवावा लागतो.

मी तीन वर्षांपूर्वी वेळापत्रक बदललं. आधी सुकी वैरण, मग भरडा, तोही चार वेळा विभागून. कुट्टी फार बारीक करायची नाही. गाय जितकी चावते तितकी लाळ सुटते, दिवसाला शंभर लिटरच्या वर, आणि त्या लाळेतच सोडा असतो. देवानं दिलेलं औषध आपण कुट्टीचं पीठ करून बंद पाडतो. बैलाच्या एका पोळीवर भांडण्यापेक्षा हे बोला.

परभणीकर

दूधगल्ली, तुमचं बरोबर आहे, पण म्हणून माझं चूक ठरत नाही. तुमच्याकडं निदान फॅटचं मशीन सांगतं. माझ्याकडं आदल्या रात्री सांगणारं काहीच नव्हतं.

एक सांगायचं राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी आम्ल उतरलं तरी ढवळ्या वैरणीला तोंड लावेना. डॉक्टर म्हणाले, आत पचवणारं कुणी उरलेलं नाही. मग शेजारच्या पवळ्याजवळ थांबून राहिले. त्यानं रवंथाचा घास वर आणला, मानेवरून गोळा सरकताना दिसला, तसा जबडा धरून तो हिरवा घास काढून घेतला. असे सात-आठ घास. कोमट पाण्यात कालवून नळीनं ढवळ्याच्या पोटात. दुसऱ्या दिवशी दुपारी ढवळ्यानं मूठभर कडबा ओढला आणि संध्याकाळी रवंथ धरला. माझी आई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून रडली.

माणदेशी मेंढरं

आम्हा धनगरांना यात नवीन काही नाही. ज्वारी काढलेल्या रानात मेंढरं बसवायला शेतकरी बोलावतो, लेंडीखतासाठी. आमचा म्हातारा आधी एकटा रान फिरून यायचा. कणसं पडलेली दिसली की मेंढरं लगेच सोडायची नाहीत. आधी बाभळीच्या शेंगा, पाला, वाळलं गवत, पोट भरलं की मग रानात. तेही पहिल्या दिवशी तासभर. मेंढीचं कोटीपोट पंधरा लिटरच्या आसपास, तिला बिघडायला पाटीभर लागत नाही. एकदा पोरानं झोप काढली आणि कळप मळणीच्या राशीला लागला. सकाळी नऊ मेंढ्या आडव्या.

पण परभणीकर, सण बंद करायच्या बाजूला मी नाही. जनावराला हातानं घास भरवणाऱ्यालाच जनावर आजारी आहे हे पहिल्यांदा कळतं. बाया-पोरांचा बैलाशी वर्षात एवढाच संबंध येत असेल तर तो ठेवा.

सातारी बेंदूर

डॉक्टरांचं आंबोणाचं म्हणणं मला लागलं. आमच्याकडंही आता बैल वर्षातून चाळीस दिवस जुंपला तर खूप. आजोबांचं उदाहरण मी देतो, पण आजोबांचं खाणं देत नाही, हे मान्य.

तरी बावीस दारांत गवत हे माझ्या गळी उतरत नाही. मी असं करीन: पंधरा दिवस आधीपासून थोडा थोडा भरडा चालू करतो, फेरीला काढायच्या आधी पोटभर कडबा घालतो, आणि दारात पोळीचा घास बोटाएवढा. डॉक्टर, हे चालेल का?

गोठाभेट

चालेल. भरडा पहिल्या दिवशी ओंजळभर, मग वाढवत न्या. बोटाएवढा म्हणजे बोटाएवढाच, आणि भात नको. रात्री झोपण्याआधी डाव्या भकाळीवर मूठ ठेवून दोन मिनिटं थांबा. कोटीपोट तेवढ्यात दोन-तीन वेळा हाताला ढकललं पाहिजे. एकदाही ढकललं नाही तर सकाळची वाट बघू नका, फोन करा.

परभणीकर

बोटाएवढा घास मला मंजूर आहे. अडचण आमच्या आईची आहे. ढवळ्या वाचल्यापासून ती म्हणते, यंदा त्याला दुप्पट चारणार. यंदा खांदेमळणीला तिचाच हात धरून भकाळीवर ठेवणार आहे.