जुनं बेडिंग काढून रायफलचा दस्ता पुन्हा बेड करायचाय

सस्क्वेहानाकाठी
नमस्कार. पेनसिल्व्हेनियात असतो. हरणांच्या सीझनसाठी जुनी रेमिंग्टन ७०० घेतलीय, .३०८, अक्रोडाचा दस्ता. आधीच्या मालकाने बेडिंग म्हणून, म्हणजे रायफलचं पोलाद दस्त्यात नीट बसावं म्हणून, लगपाशी (बाराचा धक्का दस्त्याला देणारा पोलादी ठोकळा) भरलेलं राखाडी एपॉक्सी कडांना फुटतंय. पुढचा स्क्रू सोडला की नळी दस्त्यातून वर उचलते. १०० यार्डांवर गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. जुनं सगळं काढायचं का? ॲसिटोनने विरघळेल?

टूलरूमकाका
घट्ट झालेलं एपॉक्सी ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, दस्त्याचं पॉलिश मात्र जाईल. हे काम पटाशीचं. चेंबर रिकामं आहे हे बोट घालून बघ, बोल्ट काढ, मगच स्क्रू खोल.

तू सांगतोस त्यावरून ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट चालतो तो पोलादी भाग) वाकून बसलीय. खात्रीसाठी डायल इंडिकेटरचा (बारीक हालचाल मोजणारी सुई) स्टँड नळीवर बसव, टोक दस्त्यावर टेकव आणि पुढचा स्क्रू सोड. दोन थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हलली तर ठीक, दहा हलली तर पुन्हा बेडिंग हवंच.

सगळं एकदम उकरू नकोस. शेपटीकडचा थोडा जुना भाग राहू दे, ॲक्शनची उंची तोच सांभाळतो. लगच्या खाचेपासून सुरुवात कर, धारदार पटाशी आणि हलके ठोके. पापुद्रे सहज सुटले तर कारण बहुतेक तेल. साफसफाईचं तेल वर्षानुवर्षं ॲक्शनखाली मुरतं आणि तेलकट लाकडाला एपॉक्सी धरत नाही. काळवंडलेलं लाकूड खरवडून कोरडं लागेपर्यंत जा. ॲसिटोन इथे वापर, फडक्याला पिवळेपणा यायचा थांबेपर्यंत पूस. नव्या थराला तीनेक मिलिमीटर जागा ठेव. धूळ नाकात जाते, मास्क लाव.

लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या तोंडांना टेप लाव. मागचं उघडं ठेव, धक्का तेच घेतं. ट्रिगरची खिडकी, स्क्रूची भोकं, प्रत्येक खाच क्लेने बुजव. रिलीज एजंटचे (एपॉक्सी पोलादाला चिकटू न देणारा लेप) दोन हात दे, स्क्रूच्या आट्यांवरसुद्धा. हे राहिलं तर ॲक्शन दस्त्यातच चिकटून बसते.

एपॉक्सी मरीन-टेक्सचं घे नाहीतर डेव्हकॉनचं, त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते स्क्रू आवळल्याने. आवळलेल्या ॲक्शनचा बाक एपॉक्सी तसाच पकडून ठेवतं, मग नवं बेडिंग असूनही दुखणं जुनंच. बिनडोक्याचे स्क्रू फक्त दिशेसाठी घाल, नळी टेप गुंडाळून मध्यावर धर आणि वरून रबराची हलकी पट्टी. २४ तास हात लावू नकोस.

करवीर_५०मी
काका, एक भर घालतो. भारतातल्या वाचकांनी हे घरी करू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. आम्ही कोल्हापूरकडचे परवानाधारक आर्मररकडेच (बंदूक दुरुस्त करणारा) देतो. आणि स्पर्धेच्या रायफलच्या ॲल्युमिनियम दस्त्याला बहुधा बेडिंग लागतच नाही, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने स्क्रू आवळणारा पाना) पुरतो.

सस्क्वेहानाकाठी
काका, मनापासून आभार. एवढं करूनही ॲक्शन निघाली नाही तर?

टूलरूमकाका
रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेव. पोलाद आकसतं आणि थर सुटतो. मग सरळ वर उचल, डोलवू नकोस, खाचेच्या कडा तुटतात. बसवताना दस्त्यात पिलर (स्क्रूभोवतीच्या धातूच्या नळ्या) नसतील तर स्क्रू ४० इंच-पाउंडांच्या पुढे आवळू नकोस, अक्रोड चेपतो.