मदत हवी आहे: एडिट केलेली वेव्ह फाइल डिजिटल पियानोवर वाजत नाही

पियानोवरच पेन ड्राइव्हमध्ये रेकॉर्ड केलेली साथ लॅपटॉपवर ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतली, सुरुवातीची शांतता कापली, आवाज जरा वाढवला आणि परत त्याच पेन ड्राइव्हवर टाकली. मूळ फाइल मस्त वाजते, एडिट केलेली यादीत दिसते पण प्ले दाबलं की नुसता एरर. एक्सपोर्ट मूळसारखंच केलंय, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा, नाव इंग्रजीत छोटं ठेवून बघितलं, मेटाडेटाही (गाण्याचं नाव, कलाकार वगैरे माहिती) रिकामा केला. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा येतो आणि ताल सुटतो, आणि दादरच्या कार्यक्रमात स्टेजवर लॅपटॉप ठेवायला जागाच नाहीये. तर फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीच्या भागात) अजून काही जास्तीचं राहतं का, आणि ते काढून एकदम साधी पीसीएम (कॉम्प्रेस न केलेली) वेव्ह कशी बनवायची?