गुरुवारी आनंदाची रहस्यं की प्रकाशाची? सासूबाई आणि लेक दोघी हटून बसल्यात

नगररोडवाली

आम्ही कॅथलिक, पुण्यात वडगाव शेरीत राहतो. सासूबाई श्रीरामपूरकडच्या, मामंजी गेल्यापासून आमच्याकडे असतात. संध्याकाळी साडेसातला आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) घरातल्या अल्टारपुढे, म्हणजे देव्हाऱ्यापुढे, मेणबत्ती लावतात आणि घरात असेल त्याने जपमाळेला बसायचं, ही त्यांची रीत. जपमाळेत पाच दशकं, म्हणजे दहा-दहा वेळा "नमो मरिया" ही प्रार्थना, आणि प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचं, म्हणजे रहस्याचं, मनन; रहस्यांचे पाच-पाचांचे गट वारांना वाटलेले. मला ती मनापासून आवडते. माझ्या माहेरी जपमाळ फक्त ऑक्टोबरात व्हायची, मरियेची मूर्ती घरोघर फिरायची तेव्हा.

लेक सहावीत आहे, इंग्लिश मीडियम. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तिला शिकवलं की गुरुवारी प्रकाशाची रहस्यं. आई म्हणतात, गुरुवारी आनंदाची, आमच्या सगळ्या खेड्यात हेच होतं. परवा लेक म्हणाली, "आजी चुकीचं म्हणतेय," आणि उठून आत गेली. आईंनी उरलेली दशकं एकटीने पुरी केली आणि रात्री जेवल्या नाहीत.

बरोबर कोण? दुसरं, पाच दशकं आणि वर लितानी (मरियेची नावं घेत केलेल्या विनवण्या) धरून अर्धा तास जातो. नवरा शिफ्टवर, लेकीचा क्लास आठला. एकच दशक म्हटलं तर चालेल का, की ती जुन्या भक्तीशी केलेली तडजोड होईल? तिसरं, लेक जपमाळेत इंग्लिशमध्ये उत्तर देते आणि आईंना ते खटकतं.

घोरपडीचा

आईंचं ऐका. रहस्यं पंधरा (आनंदाची, दुःखाची, गौरवाची), नमो मरिया 150, कारण बायबलातली स्तोत्रं 150. अडाणी माणसाची स्तोत्रसंहिता म्हणजे जपमाळ. त्यात प्रकाशाची पाच वाढवली की तो मेळच राहत नाही. शेकडो वर्षं लोकांनी जे गुडघ्यावर बसून म्हटलं, ते आपल्या सोयीने बदलू नये. आणि अर्धा तास जास्त वाटत असेल तर घरातला टीव्ही किती वेळ चालतो तेही बघा.

कॅम्पातला जुना

ताई, मी पंच्याहत्तरीचा, जन्म आणि सगळं आयुष्य कॅम्पात. लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती. फादर वेदीकडे तोंड करून पुटपुटायचे आणि बाकांवर आमच्या आया माळ ओढत असायच्या. लॅटिन कळत नव्हतं, पण त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. म्हणून जुन्या भक्तीबद्दल कोणी हलकं बोललं की मला लागतं.

घोरपडीच्या भावाचं 150 चं गणित खरं आहे. पण ती माळही एका दिवसात गुंफलेली नाही. नमो मरियेचा उत्तरार्ध, "पवित्र मरिये, देवाच्या माते" हा, पोप पायस पाचवे यांच्या 1568 च्या प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. त्याआधी कित्येक पिढ्यांनी पहिल्या भागावरच जपमाळ केली. दशक संपल्यावर आपण "हे माझ्या येशू" म्हणतो, ती प्रार्थना 1917 मध्ये पोर्तुगालात फातिमा इथे मरियेचं दर्शन झाल्याचं मानतात, त्यानंतरची. तुमच्या आईंच्या आजीने लहानपणी ती म्हटलेली नसणार. आज ती कोणी गाळली तर आईच पहिल्यांदा टोकतील.

प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 16 ऑक्टोबर 2002 च्या पत्रात सुचवली: यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर आणि पवित्र मिस्साची स्थापना. आनंदाची रहस्यं संपतात तेव्हा येशू बारा वर्षांचा असतो आणि दुःखाच्या रहस्यांत एकदम अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत. मधली शिकवण, चमत्कार, शिष्य, काहीच नाही. ती जागा या पाचांनी भरली. मला स्वतःला काना गावाचं रहस्य फार जवळचं वाटतं, कारण तिथे मरिया स्वतः बोलते: "तो तुम्हांला जे सांगेल ते करा."

पण त्याच पत्रात असंही आहे की ही पाच घेणं न घेणं भाविकांच्या मर्जीवर आहे, आणि वारांची वाटणीही सक्तीची नाही. म्हणजे आजी चुकलेली नाही, नातही नाही. लेकीला हे नीट सांगा. "चुकीचं" हा शब्द तिने मागे घ्यायला हवा, आणि तो तुम्ही घ्यायला लावायला हवा. वर्गात शिकवलेल्या गोष्टीपेक्षा हे मोठं धर्मशिक्षण आहे.

एका दशकाचं. जपमाळ ही भक्ती आहे, रविवारच्या मिस्सासारखं बंधन नाही. पोप पॉल सहावे यांनी 1974 मध्ये जपमाळेचं भरभरून कौतुक केलं आणि तिथेच लिहिलं की तिच्याबाबत माणसाला मोकळं वाटलं पाहिजे. कुटुंबात एकत्र म्हटलेल्या जपमाळेला पूर्ण इंडल्जन्स (पापांबद्दलच्या शिक्षेतून माफी) आहे, त्यासाठी मात्र पाच दशकं सलग लागतात, शिवाय पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना. रोज नाही जमलं तर शनिवारी पाच करा, इतर दिवशी एक. फक्त वेळ मोडू नका. साडेसात म्हणजे साडेसात, एकटी आई असली तरी. मी घरंच्या घरं पाहिली आहेत जिथे "आज उशीर झाला, उद्या करू" म्हणता म्हणता माळ कपाटात गेली. लांबी कमी केल्याने भक्ती गेलेली मी कुठे पाहिली नाही.

दापोडीची सुनीताई

काकांशी सहमत. भाषेबद्दल माझा अनुभव सांगते. आमच्या सोसायटीत गणपतीचे दहा दिवस आरती होते. माझा मुलगा शेजाऱ्यांकडे उभा राहतो, त्याला सगळी मराठी आरती पाठ आहे, कोणी शिकवली नाही. घरची जपमाळ मात्र त्याला येत नव्हती, कारण आम्ही ती खाली मान घालून, भरभर, पुटपुटत म्हणायचो. आता मोठ्याने, एकमेकांसाठी थांबत म्हणतो. अर्धं वाक्य एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. दोन महिन्यांत त्याला ती मराठीत आली.

लेकीला एक दशक पुढाकाराने घेऊ द्या, इंग्लिशमध्ये. आईंनी इंग्लिश पुढाकाराला मराठीत उत्तर द्यायचं. माझ्या सासूबाईंनी तसंच केलं, मरियेला दोन्ही कळतं म्हणाल्या. आणि कोणासाठी प्रार्थना करतोय ते आधी बोला. मुलं नावं सांगतात: आजारी मैत्रीण, नोकरी गेलेला मामा. मग त्यांचं लक्ष राहतं.

घोरपडीचा

काका, वारांची सक्ती नाही हे पत्रातच आहे हे मला माहीत नव्हतं. तरी माझ्या घरी मी पंधराच ठेवणार.

कॅम्पातला जुना

ठेवा की. तुमचा तो हक्कच आहे. ताई, आणखी एक, आईंना सांगा: 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लितानीत तीन नवीन विनवण्या घातल्या. त्यातली एक मरियेला स्थलांतर करणाऱ्यांचं सांत्वन म्हणते. गाव सोडून पोराकडे आलेल्या बाईला ती आपली वाटेल.

नगररोडवाली

आईंना वाचून दाखवलं. लितानीचं ऐकून त्यांनी विचारलं, मराठी पुस्तकात ती ओळ आली आहे का. रविवारी फादरांना विचारते. गुरुवारचं असं ठरलं: एक गुरुवार आनंदाची, एक प्रकाशाची, आणि प्रकाशाची लेक सांगणार. तिला आधी आजीची माफी मागायला लावली, मागितली. एका दशकाला मात्र आईंनी साफ नकार दिला. म्हणाल्या, तुम्ही एकाला या, उरलेली चार मी करते.