बॉनेटच्या क्लिअरवर ऑरेंज पील, ओघळ आणि पिनहोल: घासून निघेल की परत मारावं लागेल?

रंगगाडी_पुणे

मंडळी, सिल्व्हर मेटॅलिक बॉनेट आहे. बेस कोट (रंगाचा थर) नीट बसलाय, अडचण क्लिअरची, म्हणजे त्यावरच्या पारदर्शक थराची आहे. टू-के (दोन घटकांचं) क्लिअर, त्यात हार्डनर 2:1, वर साधारण 10 टक्के फास्ट थिनर. ग्रॅव्हिटी एचव्हीएलपी गन (जास्त हवा, कमी दाबाची, वर कप असलेली), 1.4 मिमी नोझल. कॉम्प्रेसर दीड एचपी, टाकी 24 लिटर, रेग्युलेटर 28 पीएसआयवर. दोन हात (थर) मारले, मध्ये चार-पाच मिनिटं सोडली. जुलैची हवा, बाहेर पाऊस चालू, शेड तीन बाजूंनी बंद.

आता दिसतंय ते असं: मधल्या भागात जाड ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा), पण सुरुवातीच्या कडेला क्लिअर छान सपाट. पुढच्या उतारावर दोन ओघळ, प्रत्येकी बोटभर लांब. लोगोच्या जागेभोवती पाच-सहा फिश आय (क्लिअर मागे सरून पडलेले गोल खड्डे). आणि उजव्या बाजूला, जिथे क्लिअर जाड बसलंय, तिथे सुईच्या टोकाएवढे ठिपके. आज चौथा दिवस. वॉटर पेपर आणि बफिंगवर भागेल का?

बेसकोट_क्लिअरकोट

आधी ते ठिपके तपासा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर ठरेल. उजव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर 2000 नंबरचा बारीक पेपर साबणाच्या पाण्यात हलका फिरवा, पुसून पूर्ण कोरडं करा आणि तिरक्या उजेडात भिंगातून बघा. नुसती धूळ असेल तर टोक कापलं जाऊन जागा सपाट होईल. पांढरे बारीक ठिपके उरले तर ती भोकं (पिनहोल) आहेत, त्यात घासलेली पूड बसलेली आहे. म्हणजे थिनर आत अडकला, वरची कातडी आधी सुकली आणि तो ती फोडून बाहेर आला. असं क्लिअर बफिंगने कधीच सुधारत नाही. जितकं घासाल तितकी भोकं उघडी पडतात आणि कंपाउंड त्यात जाऊन बसतं.

कारण तुमच्या माहितीतच आहे: फास्ट थिनर, जाड हात आणि मधला वेळ कमी. मिनिटं मोजण्यापेक्षा मास्किंग टेपवर उडालेल्या क्लिअरला बोट लावा. बोट चिकटलं पाहिजे, पण तार निघता कामा नये. तोवर दुसरा हात नाही.

लांबी_ते_लॅकर

ओघळांबद्दल लिहितो. ओघळ बाकीच्या थरापेक्षा कितीतरी जाड असतो, त्यामुळे आतून उशिरा वाळतो. नख रुतत असेल तर हात लावू नका, कापताना क्लिअर फाटून मुळापर्यंत खड्डा पडतो. या हवेत आठवडाभर थांबा, किंवा पत्रा 60 अंशांवर अर्धा तास तापवता आला तर दुसऱ्या दिवशी घ्या.

ओघळावर मार्करची शाई फिरवा. नव्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेपचा एकेक पदर लावा, म्हणजे फक्त मधली धार कापेल आणि कोपरे आजूबाजूला रुतणार नाहीत. ब्लेड उभं धरून खरवडत आणा, रंध्यासारखं ढकलू नका. ओघळ आजूबाजूच्या पातळीला जवळजवळ आला की लहान कडक ब्लॉकवर 1200 चा पेपर, ओला, फक्त शाई उरली आहे तेवढ्यावरच. नंतर 1500, 2000, 3000. बोटाने पेपर दाबायचा नाही. बोटाखाली ओघळाशेजारचं पातळ क्लिअर आधी जातं आणि ओघळ तसाच राहतो. ब्लेडचा हात नसेल तर ओघळावर आणि शेजारी पातळ पुट्टी ओढा, सुकू द्या, मग ब्लॉक चालवा. पुट्टी शेजारच्या क्लिअरला सांभाळते.

तुमचा रंग सिल्व्हर आहे हे बरं. क्लिअर घासताना पाणी दुधाळ येतं, बेसला लागलं की राखाडी होतं. राखाडी दिसताक्षणी थांबायचं. पांढऱ्या गाडीवर हा इशारा मिळत नाही, तिथे दर काही फेऱ्यांनी पुसून बघण्याशिवाय इलाज नाही.

हवेचा_दाब

कडेला सपाट आणि मध्यभागी ऑरेंज पील, हा कॉम्प्रेसरचा दोष आहे. एचव्हीएलपी गनला साधारण 10 सीएफएम (मिनिटाला घनफूट) आणि त्याहून जास्त हवा लागते. दीड एचपीचा कॉम्प्रेसर सलग चार-पाचच्या आसपास देतो. टाकीतली साठलेली हवा गनच्या पहिल्या काही ओढींत (फेऱ्यांत) संपते, मग दाब पडतो, थेंब जाड होतात आणि पसरायच्या आत सुकायला लागतात. रेग्युलेटरवरचा आकडा ट्रिगर पूर्ण दाबून वाचा, तोही गनपाशी गेज लावून. मोकळ्या गनवर वाचलेले 28 काही सांगत नाहीत. याच कॉम्प्रेसरवर काम करायचं तर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या, 1.3 नोझल. अंतर 15 ते 20 सेंटिमीटर, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर तीन चतुर्थांश चढवा.

रंगगाडी_पुणे

2000 फिरवून पाहिलं. पांढरे ठिपके राहतात, वीतभर पट्ट्यात. म्हणजे परत क्लिअर. फिश आयचं काय करू? आणि पावसात हे जमेल का?

बेसकोट_क्लिअरकोट

मग ओघळ 1200 च्या पुढे नेऊ नका, सगळं बॉनेट एकदमच तयार करा. क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर ठिपक्यांचा पट्टा ब्लॉकवर 600 ने घासा, एकही भोक दिसेनासं होईपर्यंत. भोकं तशीच ठेवून वरून मारलं तर नवा थर त्यांवर पूल बांधतो आणि सुकताना तिथेच पुन्हा फुटतो. घासताना बेस उघडा पडला तर त्या जागेवर आणि भोवती पसरवून बेस मारावा लागेल. सिल्व्हरचं नुसतं ठिगळ लगेच दिसतं. बाकी सगळं 800 ने ओलं, कडांना आणि खाचांना राखाडी स्कॉच ब्राइट (घासायचं जाळीदार पॅड). चमकणारा एकही ठिपका उरू देऊ नका, तिथे नवा थर धरत नाही.

फिश आय म्हणजे सिलिकॉन. लोगोभोवती जुनं पॉलिश साठतं, ते घासण्याआधीच वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने काढायला हवं, नाहीतर पेपर ते सगळीकडे पसरवतो. एका कापडाने ओलं पुसा, सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचला. खड्डा खोल असेल तर बारीक कुंचल्याने हार्डनर घातलेल्या क्लिअरचा थेंब सोडा, वाळल्यावर सपाट करा.

मारताना पहिला हात मध्यम, थांबा, दुसरा भरून. क्लिअरच्या कंपनीच्या डेटाशीटमध्ये तापमानाप्रमाणे हार्डनर आणि थिनर दिलेले असतात, ते बघून या वेळी मीडियम किंवा स्लो घ्या. फास्ट थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसून चमक मरते. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव बनतं) किमान 3 अंशांनी गरम हवा, म्हणून उघडीप बघून दुपारी काम घ्या.

हवेचा_दाब

पावसाळ्यासाठी आणखी एक. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात पुढे निघून जातं. मध्ये काही मीटर पाइप जाऊ द्या, हवा थंड झाल्यावर ट्रॅप लावा. टाकीत साचलेलं पाणी रोज काढा.

आणि मास्क. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो आणि वासावरून धोका कळत नाही. कापडी मास्क किंवा एन-95 चालत नाही. बाहेरून हवा येणारा मास्क सगळ्यात चांगला. तो नसेल तर निदान बाष्पाच्या कार्ट्रिजचा, नवी कार्ट्रिज घालून, दाढीविरहित चेहऱ्यावर घट्ट बसणारा. हातमोजे आणि चष्मा हवाच. शेड तीन बाजूंनी बंद आहे, तेव्हा बाजूच्या खोलीत कुणी थांबू नये.

लांबी_ते_लॅकर

बफिंगची घाई करू नका. अर्धवट वाळलेलं क्लिअर पॉलिश केलं तर ते पुढे आकसतं आणि पेपरचे ओरखडे परत वर येतात. वूल पॅड 1200 ते 1500 आरपीएमवर, कडांवर टेप लावूनच, कारण क्लिअर सगळ्यात पातळ तिथे असतं. कंपाउंड सिलिकॉनविरहित घ्या. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग महिनाभर नाही.

रंगगाडी_पुणे

धन्यवाद सगळ्यांना. एलव्हीएलपी गन आणि कार्ट्रिज मास्क आधी आणतो, उघडीप मिळाली की मारतो.